अभ्याससहलीसाठी विजेचा डबा

इतिहासाच्या अभ्याससहली पूर्वी वही, पेन्सिल आणि फार तर एक कॅमेरा एवढ्यावर निभावत असत. आता जुन्नर परिसरातील लेणी पाहावयास विद्यार्थ्यांना नेले, की ब्राह्मी शिलालेखांची छायाचित्रे, मोजमापांच्या नोंदी आणि सायंकाळी पालकांशी बोलणे, ही सारी भिस्त मोबाईलवर असते. दुपारपर्यंत फोन मान टाकतात. त्यात मुक्कामाच्या गावी वीज नसली, तर चाळीस मुलांची जबाबदारी घेऊन निघालेल्या शिक्षकांशी कोणासही संपर्क साधता येत नाही. म्हणून फोन चार्ज करणारा एक डबा शाळेतच कसा बांधता येतो, ते येथे मांडत आहोत. दहावीच्या विज्ञानाएवढे भांडवल त्यास पुरते.

आधी हिशेब. बॅटरीची थोरवी बाजारात मिलिअँपिअर-तासांत सांगतात. तो आकडा एकटा फसवा असतो. साठलेली ऊर्जा म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, अर्थात वॉट-तास. फोनमधील ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ३.८५ व्होल्टची, म्हणजे साधारण १९ वॉट-तासांची. व्होल्टेज बदलताना आणि फोन भरताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते, म्हणून एका फोनमागे २५ वॉट-तास धरावेत. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टने ३७ वॉट-तासच असतात. तिच्यावर दोन फोन पूर्ण भरतील असे मानणाऱ्याची निराशा खरेदीच्या दिवशीच ठरलेली असते.

लहान यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी सहज मिळते. तिचे ८४ वॉट-तास होतात खरे, पण वारंवार निम्म्याहून अधिक रिती केल्यास ती लवकर निकामी होते. दोन किलोंहून अधिक ओझे वाहून पुरते दोन फोनही हाती येत नाहीत. गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये सिद्ध केलेली ही बॅटरी मोटार सुरू करण्यास आजही उपयोगी आहे. पाठीवर घेऊन डोंगर चढण्यास नव्हे.

आमची पसंती लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला आहे. या पदार्थावरील मूळ शोधनिबंध १९९७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने प्रसिद्ध केला. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले, ते सर्वांस ठाऊक आहे. त्या निबंधावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही नावेही आहेत, हे मुलांना आवर्जून सांगावे. फॉस्फेटमधील ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने ही बॅटरी इतर लिथियम बॅटऱ्यांच्या तुलनेत सहजासहजी पेट घेत नाही. मुलांच्या हाती द्यावयाच्या वस्तूत याहून मोठा गुण कोणता? चार सेलांचा १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांचा पॅक घेतला तर सुमारे १५३ वॉट-तास मिळतात. मुलांचे सहा गट आणि प्रत्येक गटास एक फोन, असे गणित त्यात बसते.

पॅक तयार घ्यावा, आणि त्यात बीएमएस असल्याची खात्री करून घ्यावी. अतिभरण, अतिरिक्तता व शॉर्ट सर्किट यांवर लक्ष ठेवणारे ते मंडल होय. भंगारातील लॅपटॉपचे सेल काढून जोडण्याची हौस काही माजी विद्यार्थ्यांना आहे, हे आम्ही जाणतो. शाळेत ती नको.

बांधणी सोपी आहे. झाकणाच्या मजबूत प्लास्टिक डब्यात पॅक पट्ट्याने असा आवळावा, की डबा उलटला तरी तो हलणार नाही. धन अग्रापासून निघणाऱ्या वायरीवर, अग्राच्या अगदी जवळ, ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. पुढे स्विच आणि मग मोटारीत वापरतात तसे १२ व्होल्टवर चालणारे दोन यूएसबी सॉकेट. दोन्ही सॉकेट १८ वॉट देत असले तरी पॅकमधून तीन-सव्वातीन अँपिअरच प्रवाह जातो, म्हणून हा फ्यूज पुरतो. तो अग्राजवळच का? कारण फ्यूजच्या अलीकडचा वायरीचा तुकडा त्याच्या संरक्षणाबाहेर असतो. तो कोठे घासून उघडा पडला, तर क्षणात लाल होण्याइतका प्रवाह असा पॅक देऊ शकतो. बीएमएस आहे म्हणून फ्यूज गाळणे म्हणजे कुलूप आहे म्हणून कडी न लावणे. सर्व जोडण्या झाल्यावर मल्टिमीटरने धन-ऋण तपासावे आणि फ्यूज शेवटी बसवावा.

इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट काढण्याचा आग्रह काहीजण धरतील. १२ चे २३० आणि पुन्हा त्याचे ५ करण्यात ऊर्जा वाया जाते, आणि सहलीत ओल्या हातांशी २३० व्होल्टची गाठ घालण्याचे कारणही नाही.

पॅक भरण्यास १४.६ व्होल्टचा, याच जातीच्या बॅटरीसाठी असलेला चार्जर लागतो. मुक्काम लांबला तर २० वॉटचे सौर पॅनेल आणि योग्य चार्ज कंट्रोलर जोडावा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दोन-अडीच फोनांपुरती वीज त्यातून मिळते. पॅनेल उन्हात, डबा मात्र सावलीत ठेवावा. सहलीनंतर पॅक निम्मा भरलेला ठेवून स्विच बंद करावा, दर तीन महिन्यांनी तपासावा, आणि दोन जादा फ्यूज झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावेत.