मृदुकेंद्री व्यक्तिचित्रण

चेहऱ्याची रूपरेषा कायम राखून तिच्यावर प्रकाशाचे सौम्य आवरण पसरविणारी छायाचित्रणपद्धती. ही मृदुता म्हणजे केंद्रीकरण चुकल्याने येणारी अस्पष्टता नव्हे. भिंगात गोलीय विपथन शिल्लक ठेवल्यास मधल्या भागातून येणारे किरण रेखीव प्रतिमा निर्माण करतात, तर कडेचे किरण निराळ्या अंतरावर एकत्र येऊन तिच्याभोवती अंधुक वलय उमटवितात. छिद्र लहान केल्यास कडेचे किरण अडतात व मृदुता घटते. भिंगापुढे तलम जाळी धरूनही काहीसा असाच परिणाम साधतो.

कोलकात्यात जन्मलेल्या जूल्या मार्गारेट कॅमरन (१८१५–७९) यांनी इंग्लंडमध्ये काढलेली मृदू व्यक्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या सर जॉन हर्शेल यांच्या चित्रात (१८६७) वार्धक्याच्या खुणा लोपलेल्या नाहीत. पुढे चित्रपटांतील समीपदृश्यांत ही पद्धत रूढ झाली. मालाड (मुंबई) येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे टॉकीजचे जर्मन छायालेखक योसेफ विर्शिंग यांनी टिपलेली देविकाराणी यांची छायाचित्रे त्या काळातील मुलायम प्रकाशयोजनेची द्योतक आहेत.

संगणकावर हा परिणाम साधताना फोटोशॉप, गिम्प यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ चित्राच्या स्तरावर त्याचीच प्रत ठेवतात. ती गाउसियन ब्लरने धूसर करून तिची अपारदर्शकता कमी केली, म्हणजे खालचा रेखीव तपशील तिच्यातून दिसू लागतो. ब्लरची त्रिज्या पिक्सेलमध्ये मोजली जात असल्याने ती चित्राच्या आकारमानानुसार बदलावी लागते. डोळे, पापण्या व ओठ यांवरील धूसरता मास्क वापरून हटवितात.

कोणत्या जुन्या चित्राचे अनुकरण करावयाचे आहे, हे आधी पाहणे आवश्यक असते. कॅमेऱ्यातच मृदुता आणली असल्यास उजळ भाग गडद भागांवर पसरतो. अशा वेळी धूसर स्तरास ‘स्क्रीन’ ही मिश्रणरीत योग्य ठरते. मुद्रण करताना वर्धकाच्या भिंगाखाली जाळी धरली असल्यास निगेटिव्हमुळे क्रम उलटतो व गडद भाग उजळ भागांत उतरतो. तेथे ‘मल्टिप्लाय’ अधिक जवळची ठरते.

केवळ त्वचा गुळगुळीत केल्याने मृदुकेंद्री परिणाम साधत नाही. सुरकुत्या, तीळ व व्रण पुसले गेल्यास व्यक्तीची ओळखच क्षीण होते. म्हणून ओळखपत्रासाठी असे चित्र अयोग्य होय. भिंगाने आणलेली मृदुता निगेटिव्हवर कायमची उमटत असे. संगणकावर मात्र मूळ प्रतिमा स्वतंत्र जतन करता येते व ती तशी करणे इष्ट असते.