कास पठारावरील दोन तळी

भाद्रपदाच्या अखेरीस आमच्या वसतिगृहातील मुलामुलींना घेऊन आम्ही कास पठारावर एक दिवसाची पदयात्रा केली. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे 25 किलोमीटर अंतरावर, समुद्रसपाटीपासून अंदाजे 1200 मीटर उंचीवर हे पठार पसरले आहे. पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत 2012 साली त्याची गणना झाली. परंतु मुलांना उत्सुकता होती ती तळ्यांची.

पहाटेच निघण्याचा आग्रह आम्ही धरला, त्यास कारण होते. कुमुदिनी तळ्यावरील पांढरी, कडेला झालरीसारखे केस असलेली फुले सकाळी उमलतात आणि एका दिवसातच त्यांचे आयुष्य संपते. ऊन कलल्यावर पोहोचणाऱ्यास केवळ पाने दिसतात. कुरकुर करीत उठलेली मुले तळ्याकाठी मात्र कितीतरी वेळ निःशब्द उभी होती. शिक्षकास असा वर्ग क्वचितच लाभतो!

वाटेत प्रश्न आला : एवढा पाऊस पडूनही येथे मोठी झाडे का नाहीत? पठाराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे आवरण आहे. युगानुयुगांच्या पावसाने मूळ काळ्या खडकातील विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली. लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगे मागे उरली. त्यावर मातीचा थर अगदी पातळ, त्यामुळे खोल मुळांना आधार नाही. मातीत नायट्रोजनही तुटपुंजा. म्हणूनच सीतेची आसवे आणि दवबिंदू या इवल्या वनस्पती कीटकांपासून आपले पोषण मिळवतात. एका चुकार पावलाखाली अशी कितीतरी रोपे चिरडली जातात, आणि त्यांचे बीज तयार झाले नाही तर पुढील वर्षी तेथे उजाड खडकच राहतो. ‘पायवाट सोडू नका’ हे वाक्य त्या दिवशी मी किती वेळा उच्चारले, याची मोजदाद नाही.

दुपारी कास तलावाकाठी भाकरी सोडल्या. भोवती सदाहरित झाडी, मध्ये बांध घालून अडवलेले शांत पाणी. हे पाणी उताराच्या बळावर साताऱ्यास पोहोचते, हे सांगताच दहावीतील एका मुलीने विचारले, “बाबासाहेबांची शाळा साताऱ्यातच होती ना?”

होय. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बालक भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. शाळेत तहान लागली तरी नळास हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल तर पाणी नाही. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पाठ्यपुस्तकातून ती मुलांनी वाचली असेल; तलावाकाठी बसून ऐकताना मात्र त्यांच्या हातातील घास थांबला.

परतीच्या वाटेवर साताऱ्यात गाडी थांबली. रस्त्याकडेच्या नळावर मुलांनी रांग लावली. त्याच मुलीने स्वतः नळ सोडला, ओंजळ भरली, आणि पिण्यापूर्वी मागे वळून विचारले, “सर, हे त्या तळ्याचेच पाणी का?”