ट्रेलरचा तोल कारागिराच्या हाती

मोटारीच्या मागे जोडून न्यायचे फिरते घर, म्हणजेच कॅरॅव्हॅन ट्रेलर, युरोप-अमेरिकेत जुनेच आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आपल्या समाजातील कितीतरी बांधव वेल्डिंग, बॉडी बांधणी आणि गॅरेजच्या धंद्यात आहेत. असे काम हाती आले तर रंगरंगोटी व फर्निचरच्या आधी वजनाच्या वाटणीचा विचार करावा लागेल.

मागे ओझे जास्त झाले की बैलगाडी उलाळ होते आणि जू वर उचलते. दोन चाकांच्या ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या हुकाचा मोटारीवर खाली दाब हवाच. अमेरिकेत हा दाब ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात. युरोपातील कॅरॅव्हॅनसाठी ५ ते ७ टक्के पुरेसा मानतात. मात्र मोटारीच्या कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये.

एक हिशोब पाहू. भरलेला ट्रेलर १००० किलोचा, हुकावरचा दाब १२० किलो, हुकापासून ॲक्सल ४ मीटरवर. आता ॲक्सलच्या मागे २ मीटरवर २०० किलोचा जनरेटर बसवला, तर हुकावरचा दाब १०० किलोने घटून अवघा २० किलो उरतो. तोच जनरेटर नेमका ॲक्सलवर बसवला, तर १२० किलो कायम राहतो. पाण्याच्या टाकीचेही हेच. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, हे विसरू नये.

मागे जड झालेला ट्रेलर वेग वाढताच शेपटासारखा हलू लागतो. ठराविक वेगाच्या आत हे हेलकावे आपोआप शमतात. त्यापुढे ते वाढत जाऊन मोटारीलाही उलटवतात. अशा वेळी चालकाने स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा. वेग वाढवू नये, जोरात ब्रेकही दाबू नये.

म्हणून सर्व वजन पुढे रचणेही चूकच. मग मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सैल होते. जड सामान ॲक्सलजवळ व तळाशी ठेवावे, दोन्ही टोके हलकी ठेवावीत.

तपासणीला मोठा खर्च नाही. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना अडण लावावी. हुक नेहमीच्या उंचीवर टेकवून दुकानातील प्लॅटफॉर्म काट्यावर त्याचे वजन घ्यावे. पूर्ण वजन वजनकाट्यावर करावे. दोन्ही आकडे लिहून गिऱ्हाइकाला द्यावेत. नोंदणीचे नियम आर.टी.ओ.कडून आधीच समजून घ्यावेत.

ट्रेलर बांधून दिला की पैसे हाती येतात, पण त्यामागे एका कुटुंबाचे प्राण अमानत असतात. काट्यावरची दहा मिनिटे वाचवून ती अमानत धोक्यात घालू नये.