आबांचा रेडिओ, लेकाची गिटार आणि अर्थिंगचा खड्डा

मुलांनी नवा छंद धरला की पहिली धाड पडते ती घरातल्या माळ्यावर. आमच्याकडे तेच झाले. थोरल्याने गिटार घेतली, तिच्यासाठी एक छोटा ॲम्प्लिफायरही आणला आणि सहा महिन्यांतच जाहीर केले, ‘आई, ह्याचा आवाज कोरडा आहे. मी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घरीच बनवतो. आबांचा रेडिओ माळ्यावर आहे ना?’

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या त्या लाकडी पेटीवर नागपूर केंद्राच्या बातम्या लागल्या की घरात कुणी भांडे वाजवायचे नाही, असा दंडक होता. पोस्टात पैसे भरून त्याचे लायसन्स घ्यावे लागे, तेही त्यांनी जपून ठेवलेले. ती पेटी फोडायची म्हटल्यावर माझ्या पोटात कालवले. पण मला जो भावनेचा प्रश्न वाटला होता, तो पुढे जिवाचा निघाला. म्हणून तर लिहायला बसले.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगते, कारण हल्लीच्या पोरांनी तो पाहिलेलाच नसतो. हवा काढून घेतलेली काचेची लहानशी नळी. आत एक तार तापून लालसर होते, तिच्याभोवतीच्या पत्र्यावरून विजेचे कण सुटतात आणि मधली जाळी त्यांना कमीजास्त अडवते. गिटारच्या तारेची इवलीशी थरथर ह्या जाळीवर गेली की पलीकडे तीच मोठी होऊन निघते. १९६१पासून आपल्याकडे बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि व्हॉल्व्ह घराघरांतून गेले. गिटारवाले मात्र त्यांना सोडायला तयार नाहीत. आवाज मोठा केला की ट्रान्झिस्टर एकदम कर्कश फाटतो, व्हॉल्व्ह हळूहळू आणि गोड फाटतो, असे त्यांचे म्हणणे. मला पहिल्यांदा हा फरक कळला नाही. आता कळतो.

आणि हे घरी बनवण्याचे खूळ आजचे नाही. ज्या लिओ फेंडरचे नाव गिटारवाले देवासारखे घेतात, तो मुळात कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा. लंडनचा जिम मार्शल ड्रम शिकवायचा आणि वाद्यांचे दुकान चालवायचा. त्याच्या माणसांनी १९६२ साली फेंडरचा ॲम्प्लिफायर समोर ठेवून, आपल्या बाजारात मिळतील ते भाग घालून पहिला बनवला. आपल्याकडे तर परदेशी माल आणणेच कठीण होते. १९७०च्या आसपास मुंबईतली बँडवाली पोरे रेडिओ मेकॅनिकला गाठूनच ॲम्प्लिफायर करून घेत. माझी मावशी तेव्हा हवाईयन गिटारच्या क्लासला जायची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती. तिच्या मास्तरांचा ॲम्प्लिफायरही एका रेडिओवाल्यानेच केलेला होता.

तर आबांची पेटी आम्ही भातकुलीतल्याच एका जुन्या मेकॅनिककडे नेली. सत्तरी उलटलेले गृहस्थ. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला, व्हॉल्व्हवरचे नंबर वाचले आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

‘वहिनी, हे पोराले देऊ नका. ह्याच्यात मेनचा ट्रान्सफॉर्मरच नाही. पिन उलटी लागली त चेसीस थेट लाइनवर. रेडिओ आयकाले काही होत नाही, बटनं प्लास्टिकची हायत. पन गिटारची तार त हातात राह्यते न!’

मी तर गारच झाले. चिरंजीवांचाही चेहरा उतरला.

नीट समजून घ्या, कारण माळ्यावरची अशी पेटी तुमच्याकडेही असेल. पूर्वी एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारे रेडिओ येत. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसे, म्हणून ते स्वस्त पडत. त्यातला लोखंडी सांगाडा, म्हणजे चेसीस, घरातल्या विजेच्या एका तारेला सरळ जोडलेला असतो. गिटारची केबल जोडली की गिटारच्या तारा त्या चेसीसला जोडल्या जातात. म्हणजे मुलगा दोनशे तीस व्होल्ट बोटांत धरून बसणार! फिलिप्सच्या पद्धतीचे नंबर असतील तर अशा सेटमधल्या व्हॉल्व्हची नावे ‘यू’ अक्षराने सुरू होतात, जसे यूएल ८४. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये बहुधा ‘ई’ असते, ईएल ८४. पण नुसत्या अक्षरावर भिस्त ठेवू नका, जाणकाराकडून मीटर लावून खात्री करून घ्या.

आबांचा रेडिओ अखंड घरी परतला, ह्याचा मला मनातून आनंदच झाला हे खोटे कशाला सांगू? आता तो हॉलमध्ये आहे, वर क्रोशाचा रुमाल. पिन मात्र कापून टाकली.

मग संच मागवायचा विचार झाला. परदेशात सगळे भाग मोजून, नकाशासह पाठवणारे आहेत. पण अमेरिकन संचातला ट्रान्सफॉर्मर त्यांच्या एकशे वीस व्होल्टचा असू शकतो. आपल्या भिंतीत तो लावला तर जळालाच. दोनशे तीसचा मागून घ्यावा लागतो. शिवाय ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड, त्याचे टपाल जबर, वर कस्टमची ड्यूटी. हिशेब ऐकून ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. शेवटी त्याच मेकॅनिककडच्या एका मोडक्या, पण ट्रान्सफॉर्मरवाल्या रेडिओचे दोन्ही ट्रान्सफॉर्मर मिळाले. बारीकसारीक भाग अमरावतीहून आणि नवे व्हॉल्व्ह मुंबईहून आले. हे व्हॉल्व्ह आता स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. एक ईसीसी ८३ आणि एक ईएल ८४ एवढ्यांत जेमतेम पाच वॅट निघतात. पाच वॅट ऐकून हसू नका, शेजारीण दोनदा विचारून गेली.

काम चालू असताना मी शेजारी बसत असे. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचायला मीच आधी शिकले, तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे एक लाख ओहम. बांगड्यांचे रंग जुळवणाऱ्या बाईला ह्यात काय कठीण? पण काही गोष्टी मी हट्टाने पाळायला लावल्या. झाळकामाच्या तारेत शिसे असते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात नाही, जेवणाच्या ताटात भाग ठेवणे नाही आणि हात साबणाने धुतल्याशिवाय पोळीला हात नाही. दुसरे, पिन काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. आधी ते रेझिस्टरमधून उतरवायचे, मीटरवर शून्य बघायचे, मगच बोट घालायचे. मेकॅनिककाकांचा नियम आहे, एक हात खिशात. विजेची वाट एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात जाऊ नये म्हणून. आपल्याला खिसा कुठला? आपण एक हात कमरेवर ठेवावा.

पहिल्यांदा चालू करताना शंभरचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावला. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. आमचा क्षणभर उजळला आणि मंद झाला. स्पीकर आधीच जोडलेला होता. स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालवला तर आवाजाचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पण आवाजाऐवजी आली नुसती घूंऽऽ. दोन दिवस चिरंजीव जेवले नाहीत धड. काकांनी येऊन पाहिले तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारा सुट्या पसरलेल्या. ‘ह्या एकमेकींत पिळा. दोघींची घूं एकमेकींनाच खाते.’ लेकाने पिळल्या त्या ढिल्या. मग मीच घेतल्या आणि फुलवातीआधी जशी लांब वात वळतो तशा घट्ट वळून दिल्या. घूं जवळजवळ गेली.

राहिले अर्थिंग. चेसीसला तीन पिनांच्या प्लगची जाड पिन पक्की आवळायची, हे खरे. पण भिंतीच्या आत ती तार कुठे जाते हे कोण पाहतो? आमच्याकडे इलेक्ट्रिशियनला बोलावले तेव्हा ती कुठेच जात नव्हती. घर बांधणाऱ्याने नुसते भोक ठेवले होते! नवा खड्डा घेतला, तीस मिलिअँपिअरचा गळती पकडणारा स्विच बसवला. महिन्यातून एकदा त्याचे टेस्टचे बटण दाबून पाहते. तो भिंतीतल्या विजेपासून वाचवतो, पेटीच्या आतल्या तीनशे व्होल्टपासून नाही, हेही लेकाकडून वदवून घेतले. आपला हा भाग खारपाणपट्ट्यातला. ओल असेतो ही खारी माती वीज छान वाहून नेते, पण लोखंड खाऊन टाकते. आणि वैशाखात काळी जमीन भेगाळली की पाइपाला सोडून उभी राहते.

म्हणून उन्हाळ्यात तुळशीला पाणी घातले की एक तांब्या त्या खड्ड्यात. मी विसरले तर आतून गिटार थांबते आणि हाक येते, ‘आई, खड्डा!’