बाळाची वाटी कशी भरायची?

आंबेगाव तालुक्यातलं अवसरी खुर्द हे शेती पिकवणारं गाव, मंचरची बाजारपेठही जवळच. तरीही घरात धान्य आहे म्हणजे बाळाचं पोषण होतंच, असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभरांतल्या सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. म्हणून बाळाला भरवणाऱ्यांना आहार शिकवायला हवा. आई खुरपणीला गेली की बाळ आजीजवळ असतं. तेव्हा अंगणवाडीत आईबरोबर आजीलाही बोलवावं.

सुरुवात मोजमापाने करावी. वजन-उंची घ्यावी आणि सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाला पट्टी लावावी. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. अशा बाळाला लगेच आरोग्य केंद्रात दाखवावं.

मग प्रत्यक्ष वाटी भरून दाखवावी. सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचं अन्न. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटरच मावतं. वरणाच्या नुसत्या पाण्याने ती जागा भरते, ताकद मात्र फारशी मिळत नाही. त्यामुळे घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट हवा. घट्ट वरणात मऊ भाकरी कुस्करावी, शिजवलेली पालेभाजी घोटून घालावी, वर चमचाभर तेल किंवा तूप सोडावं. चालत असेल त्या घरात उकडलेलं अंडंही द्यावं. चहा-बिस्किटाने भूक मरते, शिवाय चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा भरवावं. नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, शिवाय मध्ये एक-दोनदा खाऊ. स्तनपान दोन वर्षं किंवा त्याहून पुढेही चालू ठेवावं.

हगवण लागली तरी खाणं तोडू नये. ओआरएस द्यावं, डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्यावं, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्यावं.

शेवटी वाटी आजीच्याच हातून तयार करून घ्यावी. "उद्या घरात जे असेल, त्यातलं काय द्याल?" असं विचारावं. काही दिवसांनी घरी जाऊन अडचण ऐकावी, महिन्याने पुन्हा वजन करावं. नुसतं ऐकलेलं विसरतं, हाताने केलेलं अंगवळणी पडतं. तुमच्या घरात लहान मूल असेल, तर आजच त्याची वाटी नीट पाहा आणि या महिन्याचं वजन चुकवू नका.