बारा बोअर आणि चार फासे

कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्याच सामग्रीवर बंदुकीचा बार खरा कसा वाटायला लावायचा? भूमिका घेऊन खेळायच्या बैठ्या खेळांपुढचा हा जुनाच प्रश्न. या खेळांत एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात, आणि पात्राचे धाडस साधले की फसले हे फासे ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि हा प्रकार रूढ झाला. १९८१ चा ‘कॉल ऑफ कथुल्हू’ त्याच कुळातला. लव्हक्राफ्ट या लेखकाच्या भयकथांवर बेतलेला. काळ बहुधा १९२० च्या दशकाचा, पात्रे म्हणजे प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर अशी साधी माणसे. त्यांच्या हाती पुष्कळदा छऱ्यांची बंदूक येते.

आधी खरी बंदूक पाहू. ‘बारा बोअर’ हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. हे बारा कशाचे? नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बारा बोअर. त्यामुळे वीस बोअर म्हटले की आकडा मोठा, पण नळी लहान! काडतुसात पाखरांसाठी बारीक छरे शेकड्यांनी असतात. हरणासारख्या जनावरासाठी मोठे, साधारण आठ-नऊच. नळीतून सुटले की ते पसरत जातात. जवळ सगळे एकाच जागी बसतात, लांबवर बरेचसे बाजूने निघून जातात.

हे सारे या खेळाने तीन आकड्यांत बसवले आहे. बारा बोअरचा नेम लागला, तर १० वारांपर्यंत नेहमीचे सहा बाजूंचे ४ फासे टाकायचे, २० वारांपर्यंत २, आणि ५० वारांपर्यंत १. बेरीज येईल तेवढी इजा. सरासरी काढली तर अनुक्रमे १४, ७ आणि साडेतीन. सामान्य पात्राची तग धरण्याची ताकद १०-१२ गुणांची. म्हणजे जवळून बार बसला तर ते बहुधा कोसळते, लांबून बसला तर जखमी होऊनही चालत राहते. आणखी एक बारकावा असा, की नेम अतिशय अचूक लागला तर पिस्तुलाची गोळी खोल शिरून जादा इजा करते. छऱ्यांना ती सवलत नाही. छऱ्यांऐवजी एकच सलग गोळी असलेले काडतूस भरले, तर मिळते.

‘गर्प्स’ नावाच्या दुसऱ्या खेळात, २००४ च्या आवृत्तीपासून, काडतुसातले ९ छरे धरून किती लागले ते मोजतात. ते वास्तवाला अधिक धरून आहे, पण प्रत्येक बाराला हिशेब करावा लागतो.

भयकथेला हिशेबापेक्षा पेच हवा असतो. दुनळी बंदुकीत काडतुसे दोनच. ती पुन्हा भरायला लढाईची एक अख्खी फेरी जाते. समोर अंधारातून काहीतरी येते आहे, २० वारांवर. आता चाप ओढला तर २ फासे. थांबलो तर ४, पण तोवर ते १० वारांवर आलेले असेल, आणि नेम चुकला तर?

नियमाची परीक्षा इथेच होते. चापावरचे बोट क्षणभर थबकले, तर त्या तीन आकड्यांनी आपले काम चोख केले.