पेशावर ते पनवेल

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामच्या बैसरन पठारावर मारल्या गेलेल्या 26 जणांत नवीन पनवेलचा एक पर्यटक होता. हल्ल्यामागचं टीआरएफ (द रेझिस्टन्स फ्रंट) हे लष्कर-ए-तैयबाचंच दुसरं नाव, हे लगेच कळलं. पण मुळात लष्करला एवढं बळ कुठून आलं, हा प्रश्न आपण दर हल्ल्यानंतर अर्ध्यावर सोडतो. त्याचं उत्तर 1980 च्या दशकातल्या अफगाणिस्तानात आहे. पहलगामनंतर पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी एका ब्रिटिश वाहिनीवर मान्यच केलं की, अमेरिका आणि पाश्चात्त्यांसाठी आपण तीन दशकं हे घाणेरडं काम केलं.

डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि अमेरिकेने पाकिस्तानच्या खांद्यावर बंदूक ठेवली. 1981 मध्ये पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झियांना 3.2 अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. सोव्हिएतांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांसाठीच्या डॉलरांना सौदी पैशांची जोड मिळाली आणि 1986 पासून स्टिंगर क्षेपणास्त्रंही आली. पण शस्त्रं कोणत्या गटाला द्यायची, हे ठरवत होती पाकिस्तानची गुप्तचर संस्था आयएसआय. त्या दशकातली सर्वांत घातक चूक हीच. पेशावरमधून कट्टर गट पोसले गेले आणि लष्करची पाळंमुळंही त्याच युद्धात रुजली. 10 एप्रिल 1988 ला रावळपिंडीजवळचं ओझरीचं शस्त्रकोठार उडालं, रॉकेटं वस्तीवर कोसळली, पण चौकशी लावणाऱ्या पंतप्रधान जुनेजोंचं सरकारच झियांनी पुढच्या महिन्यात बरखास्त केलं. फेब्रुवारी 1989 मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या. पुढच्या वर्षी अमेरिकेची मदतही थांबली, पण प्रशिक्षणाच्या छावण्या आणि त्या चालवणारे अधिकारी जागेवरच राहिले. आपणही निर्दोष नव्हतो. जानेवारी 1980 मध्ये संयुक्त राष्ट्रांत या आक्रमणावर मतदान झालं, तेव्हा भारत तटस्थ राहिला. ते मौन मला आजही खुपतं.

कुणी म्हणेल, पाकिस्तानने 1947 मध्येच काश्मीरवर टोळीवाले सोडले होते. खरं आहे, पण तेव्हा मागे महासत्तेचा पैसा नव्हता. 1993 चे मुंबईतले बॉम्बस्फोट दंगलींच्या संतापातून झाले, हेही खरं. मात्र त्यासाठी रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरलेलं आरडीएक्स संतापातून तयार होत नाही, त्याला हीच यंत्रणा लागते. आपल्याच पोलिसांनी आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांनी लाच घेऊन वाट मोकळी केली, याची लाज रायगड जिल्ह्याने विसरू नये. त्या वेळी सापडलेल्या ऑस्ट्रियन आर्जेस जातीचेच हातबॉम्ब 2008 च्या हल्ल्यात पुन्हा मुंबईत निघाले.

आणि आता? पहलगामला दोन महिनेही झाले नव्हते, तोच 18 जून 2025 रोजी ट्रम्प यांनी पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं. इस्रायल-इराण युद्ध पेटलेलं होतं आणि पाकिस्तानला इराण चांगला कळतो, असं ट्रम्प बोलूनही गेले. झियांचं महत्त्व वाढलं, तेही असंच शेजारच्या युद्धामुळे. जुलैत अमेरिकेने टीआरएफला दहशतवादी ठरवलं, ते योग्यच झालं. पण टोळीवर बंदी आणि तिच्या पालकांशी सलगी या दोन्ही गोष्टी एका महिन्याच्या अंतराने कशा चालतात, याचा जाब दिल्लीने उघडपणे मागायला हवा.